वीस तेत्री

ग्ल्दानीतल्या त्या इमारतीत
लिफ्टला नाणं लागतं.
आत भिंतीवर पत्र्याची डबी, डबीला चीर,
चिरीत वीस तेत्री पडले
की मगच दार कुरकुरतं, पेटी वर निघते.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
सांगितलं होतं एवढंच : नववा मजला, डावीकडचं दार,
मालखाज नावाचा माणूस,
फोनमधले पैसे घेतो, हातात नोटा देतो.
दर बरा. प्रश्न कमी.

कार्ड तिबिलिसीच्या विमानतळावरच मेलं होतं.
बँक म्हणाली, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,
आणि सनई वाजवत राहिली.

फोनमध्ये बाराशे साठ टेथर.
डॉलरची सावलीच म्हणा ना.
वास नाही, सुरकुती नाही,
थुंकी लावून मोजायची सोय नाही.
पृथ्वीच्या कुठल्याही टोकाला मिनिटात पोचतील,
फक्त नवव्या मजल्यावर नाही.

मी डबीकडे पाहिलं.
खोटं कशाला सांगू,
एकदा फोन चिरीसमोर धरूनही पाहिला.

मग ती आली.
दोन्ही हातांत पिशव्या, एकीतून
हिरव्या आंबट आलुबुखारांचा वास.
माझ्याकडे बघितलं, डबीकडे बघितलं,
एक पिशवी माझ्या हातात दिली
(आमच्याकडे असती तर कनवटीला हात गेला असता,
तिचा एप्रनच्या खिशात गेला)
आणि पोराच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावावं
तसं नाणं टाकलं.
भुवई वर करून विचारलं, किती?
मी नऊ बोटं दाखवली.
ती चौथ्यावर उतरली. पिशवी घेऊन.

मालखाजच्या पायात लोकरी मोजे.
टेबलावर नोटा मोजायचं यंत्र,
त्यावर त्याच्या मुलीनं चिकटवलेली मांजर.
पत्ता तपास, म्हणाला. चौतीस अक्षरं.
पहिली चार, शेवटची चार,
मधली देवाच्या हवाली.
चुकीच्या पत्त्यावर गेले तर कुठे जातात?
कुठेच नाही, तो म्हणाला. असतात.
फक्त कुणाचे नसतात.

पाठवले.
एकोणीस होकार यावे लागतात.
कुठली कुठली यंत्रं, एकेक करून, हो म्हणत होती.
सातव्या होकाराला त्यानं सांगितलं
आईच्या बचतीत एकेकाळी मोटार आली असती,
नंतर पाव आला.
बाराव्याला म्हणाला, अर्धा पाव.
मग गप्प बसलो दोघं, आकडा बघत.

दहा नोटा. शंभरशंभरच्या, कोऱ्या करकरीत.
सुट्टे?
त्यानं यंत्राकडे बघितलं, यंत्र खोटं बोलल्यासारखं.
सुट्टे नव्हते.

उतरायला लिफ्ट फुकट.
चौथ्यावर थांबवली. चार दारं.
ज्यातून लसूण नि पुदिन्यासारखं काही उकळत होतं ते वाजवलं.
हातात पळी घेऊनच ती आली.
मी शंभराची नोट पुढे केली.
मला वाटलं, हसेल. राहू दे म्हणेल.
पाहुणी म्हणून आत बोलावेल, वगैरे.
तिनं नोटेकडे असं पाहिलं
जसं कुणी साखर मागायला ट्रक आणावा.

दारामागच्या खिळ्याला एक वही होती.
गोलगोल अक्षरांत नावं, पुढे वीस, वीस, चाळीस,
काहींवर रेघा, काही वर्षांनुवर्षांची असावीत.
माझ्याकडे बोट केलं. नाव?
सुनेत्रा, म्हणाले.
तिनं दोनदा म्हणवून घेतलं,
मग तिला ऐकू आलं तसं लिहिलं. पुढे वीस.
वहीच्या पुठ्ठ्यावर तिचंही होतं. त्सियाला.
ते मला दुसऱ्या दिवशी पावाच्या दुकानातल्या मुलानं वाचून दिलं,
फोनातल्या फोटोवरून, सुट्टे मोजता मोजता.

त्या दुपारी पुन्हा गेले.
जिन्यानं. चार मजले.
नाणं एकच होतं
आणि ते लिफ्टला देऊन चाललं नसतं.

त्सियालानं ते उलटंपालटं करून पाहिलं,
पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं,
माझ्या नावावर रेघ मारली
आणि पातेलं उतू जातंय म्हणून
आत पळाली.